देशात पहिला, आपल्याकडे लवकरच

भाद्रपदी पौर्णिमा उलटली की आमच्या घरी काळ्या तिळांचा डबा फडताळाच्या वरच्या कप्प्यातून खाली येतो. ताम्हन आणि पळी चिंचेने घासून उन्हात ठेवली जाते, परसातला माका खुडला जातो, आणि स्वयंपाकघरातून आमसुलाच्या चटणीचा आंबट वास ओसरीपर्यंत येऊन थांबतो. मेहकरच्या शिवारात या दिवसांत सोयाबीन पिवळे पडू लागते. ऊन तापलेले असते, पण त्यात ग्रीष्माचा उद्दामपणा नसतो. यंदाही ते सारे तसेच आले आहे. डबा मीच खाली काढला आणि झाकण न उघडता बराच वेळ हातात धरून बसलो.

लोक या पंधरवड्याविषयी दबक्या आवाजात बोलतात. मला मात्र तो बालपणापासून प्रिय होता. ज्यांना आपण कधी पाहिले नाही, ज्यांचा चेहराही घरात कोणाला सांगता येत नाही, अशा खापरपणज्याचे नाव आणि गोत्र उच्चारून ओंजळीतले पाणी सोडायचे, यात मला एक मोठी सभ्यता दिसे. बारा-तेरा वर्षांपूर्वीच्या एका पितृपक्षाने ते प्रेम माझ्याकडून काढून घेतले. त्या पक्षात माझ्या एका वाक्यावर एका माणसाची टॉकीज टिकायची किंवा जायची होती. ती गेली. संस्कृतच्या शिक्षकाचा आणि टॉकीजचा संबंध काय, असे कोणी विचारील; म्हणून थोडे मागे जातो.

गावात टॉकीज एकच होती, त्यामुळे तिला नावाने कोणी संबोधत नसे. मालक गुलाबराव माझ्याहून चार वर्षांनी लहान. वडिलांनी बांधलेली ती वास्तू त्यांनी देवघरासारखी सांभाळली होती. शुक्रवारी नवा चित्रपट लागला की पहिल्या खेळापूर्वी पडद्यापुढे नारळ फोडल्याशिवाय ते यंत्र सुरू करू देत नसत. यंत्र चालवणारे हमीदभाई तोवर जिन्याशी उभे राहत आणि खोबऱ्याचा तुकडा तोंडात टाकूनच वर जात. मी त्या शुक्रवारांना हजर असे, नारळासाठी. आत बसून पाहिलेले चित्रपट पाच-सहाच असतील, आणि त्यांतल्या निम्म्यांत मला झोप लागली होती.

शाळेच्या व्हरांड्यातल्या फळ्यावर मी तीस वर्षे रोज एक सुभाषित लिहिले. निवृत्तीनंतर हातातला खडू गेला आणि सकाळी काय करावे ते समजेना. एके दिवशी गुलाबराव म्हणाले, "गुरुजी, एवढं अक्षर हाय तुमचं, गंजून जाईन. माह्या फळ्यावर लिहा ना."

"तुमच्या फळ्यावर मी काय लिहू?"

"देशात या हप्त्यात कोन पयला आला, ते. सोमवारच्या पेपरात येते."

टॉकीजच्या फाटकाशी एक काळा फळा होता. त्यावर त्यांना दोन ओळी हव्या होत्या. वर, 'देशात पहिला', आणि पुढे शनिवार-रविवारी देशभरात सर्वाधिक गर्दी खेचलेल्या चित्रपटाचे नाव. खाली, 'आपल्याकडे लवकरच'. मला त्यात निकालपत्र लावण्याचा भास झाला. गुलाबरावांनाही तसेच वाटत असावे, कारण एखादे नाव दुसऱ्या सोमवारीही टिकले की ते स्वतःच्या मुलाला गुण पडल्यासारखे फळ्यापुढे उभे राहून जाणाऱ्या-येणाऱ्यांना थांबवत.

'लवकरच' या शब्दाचा अर्थ मात्र आमच्याकडे दीड-दोन महिने असा होता. मोठ्या शहरांचे पोट भरले की मग चित्रपटाच्या पत्र्याच्या पेट्या अमरावतीहून एसटीने निघत. तोवर त्या रिळांवर इतके ओरखडे पडलेले असत की वाळवंटातल्या युद्धातही पडद्यावर सारखा पाऊस दिसे. मी एकदा तसे म्हणालो, तर हमीदभाई वरून म्हणाले, "पाऊस नाही गुरुजी, घसट है. पूरा देश घिस के देता है, फिर अपने को देता है."

त्या वर्षीची ती नावांची रांग मला महिन्यांनिशी आठवते. पौषात सूडाचा एक चित्रपट पहिला होता. माघात प्रेमाचा आला, दोन सोमवार राहिला आणि उतरला. फाल्गुन-चैत्रात घरोघरी परीक्षा. निर्माते बिचकत, आणि मग एखादा साधा, शहाणा चित्रपट गुपचूप पहिला येऊन जाई. गुलाबराव म्हणत, "मोठे पोरं गैरहजर हायेत, म्हनून ह्याचा नंबर लागला." वैशाखात हाणामाऱ्या, ज्येष्ठात विनोदी. ईद त्या वर्षी श्रावणाच्या तोंडावर आली. तेव्हाचे नाव मी तीन सोमवार लिहिले, तिसऱ्यांदा लिहिताना हमीदभाई मागे येऊन म्हणाले, "ज़रा मोठा लिखो गुरुजी, ईद का है." मी मोठे लिहिले. श्रावणी सोमवारचा अभिषेक आटोपून, कपाळावरचे भस्म न पुसता, मी ते नाव लिहिले, आणि त्यात काही विसंगत आहे असे माझ्या मनात आले नाही. ते दुसऱ्यांच्या मनात आले होते, हे मला नंतर कळले.

मग भाद्रपदाचा कृष्णपक्ष लागला. या पंधरवड्यात मोठे निर्मातेही नवा चित्रपट लावत नाहीत. त्यामुळे फळ्यावर जुनेच नाव राहते. मला ते फार योग्य वाटे.

प्रतिपदेला देवळात गेलो. सभामंडपात चार-पाच जण बसले होते; सारे माझे विद्यार्थी, आता देवळाचे कारभारी. त्यांतला एक मोठ्याने म्हणाला, "या, पिक्चरवाले गुरुजी! सांगा, या हप्त्यात कोन पयला?" सगळे हसले. दुसरा म्हणाला, "पितरं गेले आता टॉकीजले!" पुन्हा हसू. मीही हसलो. पण पोथीचे फडके सोडताना गाठ सुटेना.

दुसऱ्या दिवशी गुलाबराव घरी आले. चप्पल बाहेर काढून, ओसरीवर मांडी घालून बसले. पुण्याच्या एका कंपनीचा माणूस येऊन गेला होता. ती कंपनी छपरावर तबकडी आणि वर नवे यंत्र बसवून देणार होती. पेटी नाही, एसटी नाही, ओरखडे नाहीत. चित्रपट आकाशातून उतरणार, आणि मुंबईत ज्या शुक्रवारी, मेहकरात त्याच शुक्रवारी. परंतु दिवाळीपूर्वी या भागात एकच यंत्र बसायचे होते, इथे किंवा चिखलीला. कागद दशमीच्या आत सही होऊन हवे होते.

"आन् पंधरवडा तं लागला," गुलाबराव म्हणाले. "मले समजून नाही राह्यलं. सही करू का नको करू?"

"घटस्थापनेपर्यंत थांबता येणार नाही?"

"इचारलं मी. तो हसला. म्हने, शेठ, आमच्या कंप्युटरले पितर नाहीत."

मलाही हसू आले असते, एरवी. त्या दिवशी सभामंडपातले हसू माझ्या कानातून गेलेले नव्हते. मी ताठ बसलो आणि सविस्तर उत्तर दिले. पक्षात नवारंभ का वर्ज्य, पितर दाराशी आलेले असताना मनुष्याने आपल्या वृद्धीचा विचार का करू नये, हे सारे सांगितले. शेवटी म्हणालो, "मुंबईचे निर्माते, ज्यांना ना सोवळे ना ओवळे, तेसुद्धा या दिवसांत चित्रपट लावत नाहीत. आणि तुम्ही यंत्र आणणार?"

"हाव, ते बरोबर हाय," ते म्हणाले. "पन पुढं दिवाळी हाय गुरुजी, मोठा पिक्चर येऊन राह्यला."

"पंधरा दिवसांनी जग बुडत नाही, गुलाबराव."

ते वाक्य मी किती सहज बोललो! त्यांनी मान डोलावली, पायांना हात लावला आणि गेले. मला त्या दुपारी फार दिवसांनी गाढ झोप लागली. अलीकडे पंचांग विचारायला कोणी येत नसे. मुहूर्त मंगल कार्यालयाच्या तारखेवरून ठरू लागले होते. अशा काळात एक भरल्या घरचा माणूस आपल्या ओसरीवर येतो, आपण 'नाही' म्हणतो आणि तो ऐकतो, याचा मद मी त्या दिवशी चाखला.

दुसरे उत्तर मला ठाऊक होते. पाठशाळेत असताना याच विषयावर गुरुजनांनी मला उभे करून विचारले होते. विवाह, उपनयन, गृहप्रवेश ही मंगलकार्ये पक्षात वर्ज्य. मनुष्याच्या निर्वाहाचा उद्योग, ज्याला मुदत आहे आणि जो टाळल्यास हानी आहे, त्याला पक्ष अडवीत नाही. मी ते बिनचूक सांगितले होते आणि शाबासकी मिळवली होती. गुलाबरावांपुढे ते मला आठवले नाही, असे म्हणण्याची सोय मला नाही. आठवले होते. जिभेवर येऊन बसले होते. पण ते सांगितले असते तर पिक्चरवाले गुरुजी पिक्चरवाल्याच्या सोयीचे बोलले, असे सभामंडप म्हणाला असता.

अष्टमीला सोमवार होता. सकाळीच पुण्याहून अनिरुद्धचा, माझ्या मुलाचा, फोन आला. घराचा करार उद्याच करा, नाहीतर ते दुसऱ्याला जाईल, असे बांधणारा म्हणत होता. "आई म्हणते पितृपक्ष आहे, थांब. काय करू?"

मी क्षणाचाही विचार केला नाही. "राहायचे घर ही निर्वाहाची गोष्ट आहे. गृहप्रवेश नंतर कर. कराराला पक्ष आडवा येत नाही, तसा स्पष्ट अपवाद आहे. सही करून टाक."

फोन ठेवला आणि वळलो. दारात गुलाबराव उभे होते. एका हातात वर्तमानपत्र, दुसऱ्या हातात खडूंचा डबा. किती वेळ उभे होते, कोण जाणे. पण चप्पल काढून झाली होती.

"पोराचं जमलं वाटते," ते म्हणाले.

"हो. पुण्याला घर."

"चांगलं झालं, गुरुजी. लय चांगलं झालं."

आणि ते थांबले. एवढेच. उंबऱ्याच्या आत एक पाऊल, बाहेर एक, असे थांबले. दशमी परवावर होती. मला एकच वाक्य बोलायचे होते: गुलाबराव, तुम्हीही करा. त्यासाठी माझे आधीचे उत्तर चुकले, असे म्हणावे लागले असते; आणि का चुकले, हे त्यांनी विचारले नसते तरी मला सांगावे लागले असते. मी डबा त्यांच्या हातातून घेतला आणि म्हणालो, "चला. या आठवड्यात कोण?"

"तोच. मागचाच. नवा कोनी आला नाही."

आम्ही टॉकीजपर्यंत चालत गेलो. वाटेत त्यांनी सोयाबीनला शेंगा कशा भरल्या ते सांगितले. मी मागचेच नाव पुसून पुन्हा तेच लिहिले, अधिक सुबक.

घटस्थापनेला त्यांनी कागदावर गंध लावून सही केली आणि पुण्याला फोन लावला. यंत्र चिखलीला गेले होते. त्या यंत्रासाठी आणलेला नारळ त्यांनी देवळात वाढवला आणि प्रसाद माझ्याकडे पाठवून दिला. तो मी खाल्ला.

दिवाळीचा चित्रपट देशात पहिला आला, आणि पुढचे पाच सोमवार पहिलाच राहिला. पाच वेळा मी ते नाव लिहिले. फळ्यासमोरच जीपगाड्यांचा थांबा होता, चालक बोनेटवर थाप मारून ओरडे, "चला चिखली, चिखली! पिक्चर सुरू व्हायच्या आंधी पोचवतो!" माझी पाठ त्याच्याकडे असे. टॉकीजमध्ये तेव्हा जुनाच एक चित्रपट चालू होता आणि खालच्या खुर्च्यांवर दहा-बारा माणसे. मोठ्या चित्रपटांच्या पेट्या हळूहळू निघेनाशाच झाल्या होत्या.

चौथ्या सोमवारी मी म्हणालो, "गुलाबराव, हे आता नको लिहायला."

"लिहा गुरुजी. टॉकीज काही बंद नाही पडली. आन् लोकाइले कळाले पाह्यजे ना, देशात काय चालू हाय ते."

पाचव्या सोमवारी मी दोन्ही ओळी लिहून खडू डब्यात टाकला, तेव्हा त्यांनी फळा वाचला. मग म्हणाले, "खालची ओळ पुसा."

"'लवकरच' पुसू?"

"हाव. खोटं काऊन लिहा?"

फडके सापडेना. मी उपरण्याच्या टोकाने ती ओळ पुसली. त्या उपरण्यावरचा खडू धुतल्यावर गेला, पण ते उपरणे मी पुन्हा देवळात नेले नाही.

संक्रांतीला टॉकीज बंद झाली. हमीदभाईंनी शेवटच्या दिवशी जुने यंत्र तेल घालून, पुसून, वर कापड टाकून ठेवले, जणू शुक्रवारी ते उघडायचे आहे. पुढे ते शिवणकामाला लागले. गुलाबराव शेतीकडे वळले. त्यांनी मला कधी बोल लावला नाही. उलट नंतरची दहा वर्षे मुलाच्या लग्नाचा मुहूर्त, विहिरीचे पूजन, नातवाचे बारसे, सारे माझ्याकडूनच ठरवले. चार माणसांत म्हणत, "गुरुजीनं सांगतलं म्हंजे संपलं." दरवेळी मला वाटे, आज हा माणूस पुढचे वाक्य बोलेल. तो बोलत नसे. मी मनात त्याची अनेक कारणे रचली: त्यांनी त्या दिवशी फोनवरचे ऐकलेच नसेल, ऐकले तरी अर्थ लागला नसेल, किंवा टॉकीज तशीही चालणार नव्हती. हे शेवटचे कारण मला सर्वांत आवडे. ते खरेही असेल. चिखलीच्या त्या टॉकीजला आज कुलूप आहे. पण खरे असले तरी ते माझ्या उपयोगाचे नाही. कारण मी 'नाही' म्हणालो तेव्हा मला ते माहीत नव्हते.

गुलाबराव दोन वर्षांपूर्वी गेले. यंदा षष्ठीला त्यांचा महालय होता. मंत्र सांगायला मीच होतो. त्यांचा मुलगा प्रशांत पाटावर बसला; मोबाइल पाटाखाली अर्धा सरकवून ठेवलेला. स्वयंपाकघराच्या दाराशी गुलाबरावांच्या पत्नी सुमनबाई खिरीचे पातेले उतरवून उभ्या होत्या.

"गुरुजी, थोडं लवकर आटपलं तं बरं होईन," प्रशांत म्हणाला. "बारा वाजता रजिस्ट्रारकडं जायचं हाय. टॉकीजची जागा देऊन राह्यलो. ते लोक आजच सही पाह्यजे म्हनतात, मंग तिथं मंगल कार्यालय बांधनार हायेत." मग जरा अडखळून, "आई म्हनते पितृपक्षात सही नाही करत. तुम्ही सांगा, चालते का?"

माझ्या हातात दर्भ होता. तीच मुदत, तोच पक्ष, तीच जागा. मनुष्याच्या निर्वाहाचा उद्योग, ज्याला मुदत आहे. पाठशाळेत उभा राहून म्हटलेले ते वाक्य शब्दशः समोर आले.

"चालते," मी म्हणालो.

दाराकडून आवाज आला. "ह्यायले तं तुम्ही नाही म्हनलं होतं, गुरुजी."

सुमनबाईंचा स्वर चढलेला नव्हता. त्या पातेल्यावरचे झाकण सारखे करीत होत्या.

"तेव्हाही चालत होते, वहिनी," मी म्हणालो. बारा-तेरा वर्षे जे वाक्य अडून राहिले होते, ते इतके लहान होते.

त्यांना आश्चर्य वाटले नाही. "त्याइले मालूम होतं," त्या म्हणाल्या. "अष्टमीले फळा लिहून घरी आले, आन् मले म्हने, गुरुजीनं अनिरुद्धले सही कराले सांगतली. मी म्हनलं, मंग तुम्हीबी करून टाका, अजून दोन दिस हायेत. तं म्हने, मी केली तं गुरुजीचा शब्द खोटा पडन. देवळात आधीच लोकं त्याइले हसून राह्यले. माह्या टॉकीजपायीच हसतात."

मी खाली पाहिले. पळी माझ्याच हातात होती.

"पुढं घ्या ना, गुरुजी," प्रशांत म्हणाला.

मी पुढे घेतले. गुलाबरावांचे नाव सांगितले, गोत्र सांगितले, त्याच्या तळव्यावर तीळ ठेवले आणि वर पाणी घातले. तर्पणात शेवटी 'तृप्यताम्' असे तीन वेळा म्हणायचे असते. तृप्त व्हावे, एवढाच त्याचा अर्थ. पहिले मी म्हणालो, त्याने म्हटले. दुसऱ्याला माझा आवाज निघाला नाही. प्रशांतने माझ्याकडे पाहिले, उरलेले दोन्ही त्याचे त्याने म्हटले, पाणी सोडले, आणि पाटाखालचा मोबाइल ओढून वेळ पाहिली.